घर बघायला या

रामनगर
१४ मे २०२५

ती. गुरुदासमामा,
नमस्कार.

कागदावर लिहायची सवय गेलीय, अक्षराला हसू नका. पण तुमच्या बांदेगाळीत टॉवर नाही, टेंबावर चढल्याशिवाय रेंज नाही, आणि गुडघा तुम्हाला टेंबावर चढू देत नाही. उरला नागराज कंडक्टर. त्याची बस तुमच्याकडे मुक्कामाला असते, तेव्हा हे पाकीट त्याच्या पिशवीतून येईल. त्यानं फोडलं तरी काळजी नाही. मराठी फर्डं बोलतो, पण वाचता येत नाही.

तर मुद्दा. ज्या कॉलेजच्या दारात तुम्ही अठ्ठावीस वर्षं स्टूल टाकून बसलात, त्यानं तुमच्या भाचीच्या गळ्यात दोन कामं घातलीत. एक, इतिहास शिकवायचा, गेस्ट लेक्चरर म्हणून. दुसरं, प्रिन्सिपॉल शिवानंद सरांच्या शब्दांत, 'पब्लिक रिलेशन'. म्हणजे कॉलेजचं इन्स्टाग्राम पेज चालवायचं, फोटो टाकायचे, व्हिडिओ टाकायचे, आणि पोरं आणायची. सर म्हणाले, तुमच्या हातात सारखा फोन असतोच, तुम्हीच करा.

घाई का, तेही सांगते. गेल्या वर्षी बीएच्या पहिल्या वर्षाला एकोणीस पोरं होती. कमिटी म्हणते, यंदा दहा जुलैपर्यंत तीस झाली नाहीत तर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे मी घरी, ते सोडा. पण मग बांदेगाळीसारख्या वाड्यांतल्या पोरींना बारावीच्या, पीयूसीच्या पुढं रस्ताच राहत नाही. मी त्याच रस्त्यानं आले, मामा.

पेज उघडलंय. लोक दोनशे बारा, त्यातले निम्मे माझेच मित्र. तुम्ही कसं करत होता, ते सांगा. मला एवढंच आठवतं, मे महिन्यात तुम्ही पिशवीत फॉर्म घालून गायब व्हायचा आणि मामी शिव्या घालायची.

तुमची,
मयूरी


बांदेगाळी
१८ मे

चि. मयूरीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. नागराजनं वास घेऊन दिलं, म्हणतो लग्नाचं हाय काय. मी म्हणलं, तुझ्या तोंडात साखर पडो, पण न्हवं.

मी कसं करत होतो म्हणून विचारलंस. मी काय करत न्हवतो, बसत होतो. ज्या घरात पोरगी पीयूसी पास झाली त्या घरात जाऊन बसायचं. फॉर्मचं नाव काढायचं न्हाई. भाताचं बोलायचं, गव्यानं किती खाल्लं ते बोलायचं. दुसऱ्या खेपंला बाप आपणच विषय काढतोय. पण बापाचं खरं न्हवं. आई चुलीपाशी बसून ऐकत असती, आन मी उठलो की उंबऱ्यात येऊन विचारती. संडासाला आतनं कडी हाय काय. डबा कुठं बसून खायाचा. शेवटची बस चुकली तर पोरगी कुणाकडं जाणार. आन तुमी सोता दारात असता न्हवं. अठ्ठावीस वर्षांत येवढंच. इतिहास कोण शिकवतंय ते एकीनं पण विचारलं न्हाई, वाईट वाटून घेऊ नको.

तुझं पेज काय ते मला कळलं न्हाई, आमची पेज भाताची. पण लखूचा प्रज्योत हाय न्हवं, मडगावला हॉटेलात असतोय, तो लग्नाला आलता. त्यानं तुझ्या पेजावरचा कॉलेजचा फोटो रंगीत कागदावर काढून आणलाय. बगितला आन मी खाली बसलो. चार मजले, सगळी काच, म्होरं कारंजं. अगे, मी घरी बसून चारच वर्षं झाली. येवढी इमारत उठली आन मला कुणी कळवलं न्हाई? जुन्या कौलाखाली बादल्या मी लावल्या. फरशी बसवताना तरी बोलवायचं. पयला राग आला, मग लई बरं वाटलं. गुडघ्याला पट्टा बांदून पाच वाड्या फिरलो आन सगळ्यांस्नी सांगून आलो.

लखूची चंद्रा पयली येणार. सत्त्याहत्तर टक्के हायत पोरीला. लखूचं मन न्हवतं, तो कागद बगून झालं. चार जूनला घेऊन येतोय. तिला नीट बगून घे.

तुझा मामा,
गुरुदास


रामनगर
२१ मे

मामा,

बस सुटतेय, उभ्या उभ्या लिहितेय. पट्टा बांधून फिरायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

पेज बरं चाललंय. अकराशे लोक झाले. गंमत म्हणजे त्यातले आठशे गोव्यात. मडगाव, वेर्णा, कळंगुट. आपलीच पोरं, हॉटेलात नाहीतर कंपनीत. वाडीत रेंज नाही म्हणून वाडी बघत नाही, पण वाडीतून गेलेले सगळे बघतायत.

आयांचे प्रश्न वाचले. पण संडासाच्या कडीचा व्हिडिओ टाकला तर सर मलाच आत घालून बाहेरनं कडी लावतील.

इमारतीचं सविस्तर भेटल्यावर बोलू. चार तारखेला मी गेटवर थांबते.

मयूरी


बांदेगाळी
३ जून

मयूरी,

लखू दोन तारखेलाच जाऊन आला. चारला पेरणी धरली म्हणून. काय झालं ते चंद्रानं सांगितलं. लखू माझ्याशी बोलत न्हाई.

स्टँडवर उतरून त्यानं कागद उघडला आन तिघांस्नी दाखवला. एक ट्रकवाला हसला, म्हणला ही बिल्डिंग हितली न्हवं, असली हुबळीकडं बगा. लखूला वाटलं चेष्टा करतोय. मग दोघं चालत गेटापाशी आली. चंद्रानं बोर्ड वाचला, म्हणली बाबा, हेच. लखूनं एकदा कागद बगितला, एकदा कौलं बगितली. कौलावर तीन ठिकाणी निळं प्लास्टिक. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आन म्हणला, चल. पोरगी म्हणली, आलोय तर आत जाऊन विचारू की. तवा तो काय म्हणला ते तसंच लिवतो.

"फोटोत एक नवरा, मांडवात दुसरा. असल्या घरात पोरगी देत न्हाईत."

तिचं मार्क्स कार्ड पिशवीतनं भायेर पण निघालं न्हाई.

आता पाच वाड्यांत मी खोटा. काल लखूच्या अंगणात गेलो, त्यानं बस म्हणलं न्हाई. मी उभाच ऱ्हायलो आन उभाच परत आलो. चंद्रा जुलैत प्रज्योतकडं मडगावला जाणार, हॉटेलात भांड्याला. लखूनं ठरवून टाकलंय.

फोटो कुणी लावला, तेवढं कळव.

गुरुदास


रामनगर
६ जून

मामा,

फोटो बेळगावचा प्रशांत म्हणून एक मुलगा आहे, असली कामं करणारा, त्यानं परस्पर लावला. आता काढून टाकलाय. लखूमामांना सांगा, चूक प्रशांतची. चंद्राला पुन्हा आणा, मी स्वतः स्टँडवर येते. दहा जुलैपर्यंत वेळ आहे.

मयूरी


बांदेगाळी
८ जून

मयूरीस,

प्रशांत कोण ते मला ठाऊक न्हाई. नागराजला विचारलं, तुला ठाऊक हाय काय. तो म्हणला, तसला कोण न्हाई, मयूरी अक्कानं माझ्याच बसमधी बसून फोटो निवडला, तीन दाखवले, कुठला बरा म्हणून मलाच विचारलं, आन कारंजंवाला बरा म्हणून मीच सांगितलं. बिचारा घाबरलाय, आपलीच चूक झाली म्हणतोय.

मी काय विचारत न्हाई. तुला सांगायचं झालं तर सांग.

गुरुदास


रामनगर
१० जून

मामा,

मीच लावला. प्रशांत नाहीच. तुम्हाला खोटं लिहिताना पेन अडखळलंसुद्धा नाही, त्याची जास्त भीती वाटली.

का लावला? दुसऱ्या कॉलेजांची पेजेस रोज बघत होते. लॉन, काचा, टाय घातलेली पोरं. मग आमची कौलं, निळं प्लास्टिक, खिडकीच्या दोरीवर वाळणारं पुसायचं फडकं. ज्या कौलाखाली मी शिकले, त्याचीच मला लाज वाटली. म्हटलं, आधी येऊ देत, आल्यावर कोण परत जातंय. लखूमामा जातात, हे डोक्यातच आलं नाही. आणि तुम्ही पाच वाड्या फिरलात हे वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी लिहिलं, 'सविस्तर भेटल्यावर'.

काल एक काम केलं. गेटवर उभं राहून खरा फोटो काढला. कौलं, प्लास्टिक, आणि दारात तुमचं स्टूल. ते अजून आहे, त्यावर आता कुणी बसत नाही, घंटेचा हातोडा ठेवतात. खाली लिहिलं, 'हे आमचं कॉलेज. आधीचा फोटो आमचा नव्हता. तो मी लावला. चूक माझी. मयूरी.'

वाटलं होतं, शिव्या पडतील. थोड्या पडल्याही. एकानं लिहिलं, कारंजं चोरीला गेलं काय. पण मग लोक स्टूलच ओळखायला लागले. गुरुदासमामांचं स्टूल अजून हाय? मामा बरे हायत? साठ-सत्तर जणांनी तेवढंच विचारलं. मग कुणीतरी कळंगुटहून लिहिलं, 'शेवटचा तास साडेचारला सुटतो आन बांदेगाळीची शेवटची बस सव्वाचारला. अजून तसंच हाय काय?' त्याच्याखाली माळ लागली. मी पण पळायचो. मी पण पळायची. वेर्ण्याहून मंगल म्हणून एकीनं लिहिलंय, 'रोज शेवटचा तास बुडायचा. दुसऱ्या वर्षाला हजेरी भरली न्हाई, परीक्षेला बसू दिलं न्हाई. मी सोडलं.'

सरांनी बघितलं. आवाज न चढवता म्हणाले, हे पुसून टाका, ही प्रसिद्धी नाही, ही बदनामी आहे, बाहेरच्या माणसानं दारात उभं राहून ओरडलं तर आपण दार लावतो. शुक्रवारपर्यंत पुसायचं आहे.

अजून पुसलं नाही. नाही पुसलं तर काय होईल, माहीत नाही. गेस्ट म्हणजे पाहुणी, पाहुणीला कधीही निरोप देता येतो.

मी काय करू?

मयूरी


बांदेगाळी
१४ जून

चि. मयूरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग दोन दिवस वाचलं न्हाई. राग गेला. आता माझं ऐक.

मंगल मला ठाऊक हाय. वरच्या वाडीची. तिला मीच आणली. तिच्या आईनं उंबऱ्यात विचारलं, बस चुकली तर? मी म्हणलं, चुकत न्हाई, मी हाय न्हवं. आन मी काय करत होतो? चार वाजून पाच मिन्टांनी वर्गाच्या मागच्या दारापाशी जाऊन खाकरायचो. पोरी चपला हातात घेऊन भायेर यायच्या. अठ्ठावीस वर्षं खाकरलो, आन एकदा पण सायबाच्या टेबलाम्होरं उभा ऱ्हाऊन सांगितलं न्हाई की टायम बदला. शिपायानं सांगायचं न्हाई असं वाटायचं. मंगल सोडून गेली तवा तिची आई मला बोलली न्हाई. मी पण कुणाला बोललो न्हाई. पुढच्या वर्षी दुसऱ्या उंबऱ्यात तेच सांगितलं, चुकत न्हाई.

तू काच लावलीस, मी कडी लावली. दोगांनी झाकलंच.

पोरं माझ्याकडं येऊन गाऱ्हाणं सांगायची, मी खिशात घालायचो. आता ती सगळ्यांम्होरं सांगतात, खिसाच न्हाई. ते पुसू नको. तुला काढलं तर हितं ये, पेज हाय, भाताची.

दुसरं. काल परत लखूकडं गेलो. ह्या खेपंला मीच बसलो, त्यानं सांगायची वाट बगितली न्हाई. तू लिवलेलं वाचून दाखवलं, चूक माझी म्हणलीस ते. सुमंगला, त्याची बायको, चुलीपाशी होती. उठताना उंबऱ्यात आली आन म्हणली, थोरलीला देताना आमी आदी घर बगाय गेलो. विहीर बगितली, गोठा बगितला, तवा दिली. धाकटीला तीन वर्षं धाडायची ती नुसता कागद बगून?

मी म्हणलं, मग बगाय चला.

तर सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, आमी घर बगाय येतोय. लखू, सुमंगला, चंद्रा, वाडीतला जुना माणूस झिलूआज्जा आन मी. लावणी सुरू व्हायच्या आदी. तुझ्या सरांस्नी सांग, मुलीकडची माणसं येतात. पोहे करायला सांग. पोहे गार असले तर झिलूआज्जा उठून जातोय, थोरलीच्या वेळी एका घरातनं उठलता.

मामा


रामनगर
१८ जून

मामा,

पुसलं नाही. शुक्रवार आला आणि गेला. सर माझ्याशी फक्त कागदावर बोलतायत, म्हणजे रजिस्टरमध्ये शेरे. मी निरोपाची वाट बघत होते. पण बेळगावहून कमिटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, त्यांच्या सुनेनं पेज दाखवलं म्हणे. त्यांनी सरांना विचारलं, हे बसचं काय आहे? सर म्हणाले, याबद्दल आजवर कुणाचा अर्ज आलेला नाही. खरं आहे ते. अर्ज कुणाचाच नाही.

मग मी तुमचा निरोप सांगितला. सरांना पहिल्यांदा कळलंच नाही. म्हणाले, कुणाचं घर, कुणाची मुलगी? समजावलं. मग विचारलं, किती माणसं? मी म्हटलं, पाच. म्हणाले, पोहे कोण करतं?

व्हिडिओ काढला तर चालेल का? सुमंगलामामींना विचारून सांगा. नको म्हणाल्या तर फोन पिशवीतनं काढणार नाही.

आजपर्यंत नावं बावीस.

मयूरी


बांदेगाळी
२२ जून

चि. मयूरी,

सुमंगला म्हणती, काढ. पण आमी बगताना काढ, आमी खाताना नको. आन कायबी झाकू नको म्हणती, त्यांनी पण आन आमी पण.

लखू म्हणतो, मी कायबी कबूल केलेलं न्हाई.

मामा


रामनगर
२८ जून

मामा,

काल तुम्ही पुरुष मंडळी ऑफिसात पोहे खात होता, तेव्हा मागं काय चाललं होतं ते तुम्हाला कोण सांगणार. म्हणून लिहितेय. (पोहे गरम होते ना? झिलूआज्जा तीन वेळा घेत होते, खिडकीतून दिसलं.)

सुमंगलामामी आधी विहिरीवर गेल्या. पाणी ओंजळीत घेऊन प्यायल्या. मग पोरींच्या संडासात. कडी लावली, काढली, लावली. मग चंद्राला आत घातलं, कडी लावायला लावली, स्वतः व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आता वरड. चंद्रा लाजली, बारीक आवाज काढला. मामी म्हणाल्या, येवढ्यानं कोण येणार, गवा आला असं वरड. ती अशी ओरडली की हिंदीचे सर पळत आले. मामी म्हणाल्या, बरं हाय, ऐकू येतंय.

वर्गात आल्या. कौलाखालची बादली बघितली. मी सांगितलं, गळतं. त्यांनी चंद्राला बाकावर बसवून बघितलं, मग बाक बदलून बघितलं, मग एक बाक बोटानं दाखवून म्हणाल्या, हितं बसायचं, हितं गळत न्हाई.

डब्याची जागा बघून झाल्यावर त्या सरळ ऑफिसात आल्या. पुढचं तुमच्यासमोर झालं, पण तुम्ही मान खाली घातली होती, म्हणून मी बघितलं ते लिहिते. मामींनी सरांना विचारलं, शेवटच्या बसचं काय. सर हसून म्हणाले, बघतो. मामी बसल्या नव्हत्याच. म्हणाल्या, "बघतो म्हणणाऱ्या घरात आमी पोरगी देत न्हाई. आमी बगून चाललो, आता तुमी बगा."

सरांचा चेहरा मी फोनमध्ये बघत होते, म्हणजे मान वर करायचं धाडस नव्हतं. ते चिडले नाहीत. परीक्षेला प्रश्न अवघड आल्यावर पोरांचा होतो तसा चेहरा.

त्याच वेळी माझ्या तासाची घंटा झाली आणि मला जावं लागलं. तुम्हाला स्टँडवर सोडायला आले नाही, राग मानू नका. वर्गात अकरा पोरी होत्या, चार वाजून पाच मिनिटांनी एकही नाही. रोजचंच. कुणी खाकरलं नाही तरी जातात.

व्हिडिओ टाकलाय. कडी, ओरडणं, बादली, आणि मामींचं शेवटचं वाक्य. नऊ हजार जणांनी बघितला. लखूमामा काय म्हणाले?

मयूरी


बांदेगाळी
१ जुलै

चि. मयूरीस,
आशीर्वाद.

तू वर्गात होतीस म्हणून तुला स्टँडवरचं ठाऊक न्हाई. सर आमास्नी पोचवाय आलते. मुलीकडच्यांस्नी गाडीपर्यंत पोचवायचं असतंय, हे त्यांना कुणी सांगितलं काय की, पण आले. नागराजनं इंजन चालू केलं. येवढ्यात तुझ्या वर्गातल्या पोरी कॉलेजाकडनं पळत आल्या, चपला हातात, एकीची वही चिखलात पडली. त्यांनी बसच्या दारात सरांस्नी बगितलं आन जागच्या जागी थांबल्या. कुणी चढंना. सर पण हलंनात. मग सरांनीच चिखलातली वही उचलली, सोताच्या रुमालानं पुसली, आन बाजूला सरून वाट दिली. सहा वर्षं झाली त्यांस्नी हितं. पाचपर्यंत ऑफिसात बसतात, मागनं काय पळतंय ते दिसत न्हाई.

बस जंगलाच्या गेटापाशी आली. झिलूआज्जा म्हणला, पोह्यात लिंबू होतं. सुमंगला म्हणली, कडी बरी हाय. मग लखू म्हणला, "गळतंय ते त्यांनी सोता दाखवलं." येवढंच. त्याच्या खिशात तो रंगीत कागद होता, चुरगाळून खिडकीतनं टाकाय गेला, नागराज म्हणला जंगलात कचरा टाकला तर दंड हाय. परत खिशात.

लखूच्या घरची रीत तुला ठाऊक न्हसेल. होकार तोंडानं देत न्हाईत. परसातलं कायतरी धाडतात. थोरलीच्या वेळी केळीचा घड धाडलता. म्हणून मी विचारलं न्हाई, आन तू पण विचारू नको. परसात एकच फणस ऱ्हायलाय, लई वरचा. काल लखू झाडाखाली उभा होता. मी लांबनं बगितलं. चढला न्हाई.

मडगावची बस दहा तारखेची हाय. चंद्रानं कपडे बांदलेत.

मामा


रामनगर
३ जुलै

मामा,

सोबत नोटीस धाडतेय. झेरॉक्स आहे. मूळ ऑफिसच्या दारावर आहे, सरांच्या सहीनं.

'सोमवार, सात जुलैपासून कॉलेजची वेळ सकाळी सव्वानऊ ते दुपारी पावणेचार राहील.'

स्टाफरूममध्ये कटकट आहे. गणिताचे सर माझ्याकडे बघून म्हणतात, तुमच्या त्या फोननं आमची झोप घालवली. मी पेजवर अजून टाकलं नाही. आधी लखूमामांना दाखवा. आधी त्यांना दाखवावं असं वाटलं.

नावं सव्वीस.

मयूरी


रामनगर
८ जुलै

मामा,

काल नागराज सकाळी साडेआठला बस थेट आमच्या गेटपर्यंत घेऊन आला. तसं आणायचं नसतं, पण म्हणाला, एवढं लगेज स्टँडवरून कोण वाहणार. मागच्या सीटवर चंद्रा, तिच्या मांडीवर मार्क्स कार्डची पिशवी, आणि शेजारच्या सीटवर फणस. त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं नागराजनं. लखूमामा एवढ्या वर चढले कसे? चंद्रा म्हणते, चढताना तुम्ही खाली उभं राहून शिव्या घालत होता.

मार्क्स कार्ड पिशवीतून बाहेर निघालं. फॉर्म तिनं स्वतः भरला. बाक तिनं तोच धरला, न गळणारा.

फणस कापायला कुणाला येतंय, तर शिवानंद सरांना. म्हणाले, आमच्या गावी मीच कापायचो. ऑफिसच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, हाताला कोपरापर्यंत खोबरेल लावलं आणि सुरू. सगळ्या कॉलेजला गरे. आम्ही नोटीस आणि फणस एकाच फोटोत टाकले. खाली चंद्रानं लिहिलं, तिच्याकडंच फोन होता. लिहिलं, 'घर बघायला या.' एवढंच.

फोन वाजायला लागला, एकामागून एक कमेंट. सरांच्या दोन्ही हातांना तेल आणि डिंक, फोनला हात लावता येईना. म्हणाले, काय म्हणतात, वाचा. मी चांगलं तेवढं वाचायला लागले. ते म्हणाले, सगळं वाचा.

वाचलं. लायब्ररीला दोन वर्षं कुलूप का, हे वाचलं. इंग्रजीला मास्तर कधी येणार, हे वाचलं. एकीनं विचारलंय, काचेचे फोटो लावत बसण्यापेक्षा कौलं कधी बदलणार. ते दोनदा वाचायला लावलं. सर गरे काढत होते आणि मान हलवत होते. अर्ज नव्हता ना, म्हणाले. हेच अर्ज समजू.

नावं आज अठ्ठावीस. दोन कमी. अजून दोन दिवस आहेत. सेक्रेटरी म्हणतात, तीसला एखाद-दोन कमी पडली तरी एक वर्ष बघू. 'बघू' म्हणतात. मामींना सांगू नका.

शेवटी वेर्ण्याच्या मंगलची कमेंट आली. ती मी मोठ्यानं वाचली नाही, तुमच्यासाठी उतरवून घेतली. 'आता पावणेचारला सुटतंय म्हणजे सव्वाचारची मिळती. माझं दुसरं वर्ष ऱ्हायलंय. मला परत घेतात काय? गुरुदासमामांस्नी विचारा, ते खोटं सांगणार न्हाईत.'

सर म्हणतात, घेतात, नियमात बसतं. पण तिला उत्तर मी दिलेलं नाही. ते मी देऊन चालणार नाही.

उद्या सकाळच्या बसनं या. नागराजला सांगितलंय, गेटपर्यंत आणेल. स्टूल पुसून ठेवलंय, त्यावरचा हातोडा काढलाय. फोन मी धरते, तुम्ही बसा आणि तिला सांगा.

तुमची,
मयूरी